यंत्र एक, मांडण्या दोन : एरिक ट्रिस्ट, कोळशाची खाण आणि अहमदाबादची गिरणी



मागच्या व्याख्यानात आपण फ्रेडरिक टेलरबद्दल बोललो. स्टॉपवॉच, कामाचे तुकडे, प्रत्येक तुकड्याला एक माणूस, आणि सगळ्यांच्या वतीनं विचार करणारी वेगळी कचेरी. व्याख्यान संपल्यावर दोघा-तिघांनी जवळपास एकच प्रश्न विचारला. सर, टेलर कठोर होता हे मान्य, पण मोठं यंत्र आलं की कामाची मांडणी तशीच करावी लागते ना? यंत्रच तसं मागतं, त्यात टेलरचा काय दोष?

प्रश्न चांगला आहे. आणि त्याचं उत्तर तत्त्वज्ञानाच्या वर्गात बसून देता येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. मी चाळीसेक वर्षं कांट शिकवला. स्वायत्तता या शब्दावर तासन्‌तास बोललो. पण हा शब्द खाणीच्या पोटात आणि गिरणीच्या खात्यात काय अर्थानं वापरला गेला, ते निवृत्तीनंतर वाचलं. आज त्या वाचनाबद्दल बोलतो. मुख्य माणूस आहे एरिक ट्रिस्ट, इंग्रज समाजशास्त्रज्ञ, जन्म १९०९, मृत्यू १९९३.

ट्रिस्ट केंब्रिजला गेला तो इंग्रजी साहित्य शिकायला. तिथून मानसशास्त्राकडे वळला. तिशीच्या दशकातल्या मंदीत त्यानं स्कॉटलंडमधल्या डंडी गावात बेरोजगारांचा अभ्यास केला. डंडी म्हणजे तागाच्या गिरण्यांचं गाव. कच्चा ताग बंगालमधून जायचा, आणि पुढे कलकत्त्याच्या गिरण्यांनीच डंडीचा धंदा खाल्ला. म्हणजे काम गेलं की माणसाचं काय होतं, हे ट्रिस्टनं आधी पाहिलं, आणि काम असताना काय होतं ते नंतर. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. मग महायुद्ध आलं. सैन्यातल्या अधिकाऱ्यांची निवड, युद्धकैदी म्हणून राहून परतलेल्या सैनिकांचं पुनर्वसन, अशी कामं त्यानं केली. त्या कामातून जमलेल्या मंडळींनी युद्धानंतर लंडनमध्ये टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूट उभी केली.

आता खाणीकडे येऊ.

१ जानेवारी १९४७ ला ब्रिटनच्या कोळसा खाणी राष्ट्राच्या मालकीच्या झाल्या. खाण कामगारांच्या पिढ्या ज्यासाठी लढल्या ते मिळालं. नवी यंत्रंही येत होती. तरी यंत्रांच्या मानानं उत्पादन वाढेना. माणसं खाण सोडून जात होती, रोजच्या हजेरीत पाचातला एक गैरहजर असायचा, आणि तंटे चालूच. मालक बदलला, यंत्र बदललं, मग अडतंय कुठे?

टॅव्हिस्टॉकनं त्या वेळी सहा जणांना शिक्षणासाठी घेतलं होतं. त्यातले काही थेट कामगार चळवळीतून आलेले. त्यातला एक केन बॅमफर्थ, अठरा वर्षं कोळशाच्या भिंतीशी काम केलेला माणूस. वर्षभरानं या सहाही जणांना सांगितलं, आपापल्या जुन्या धंद्यात एक चक्कर मारा आणि नव्या नजरेनं काय दिसतं ते येऊन सांगा. बॅमफर्थ दक्षिण यॉर्कशरमधल्या आपल्या जुन्या खाणीत गेला. तिथे हेगमूर नावाच्या थरात त्याला काहीतरी वेगळं चाललेलं दिसलं. परत येऊन त्यानं ट्रिस्टला सांगितलं. ट्रिस्ट त्याच्याबरोबर खाणीत उतरला. पुढे ट्रिस्ट म्हणायचा की मी वर आलो तो वेगळा माणूस होऊन. प्राध्यापक मंडळी अशी वाक्यं सहसा बोलत नाहीत, म्हणून मी ते गंभीरपणे घेतो.

काय पाहिलं त्यानं? ते कळायला आधी जुनी पद्धत सांगतो.

यंत्रं येण्यापूर्वी कोळसा हातानं काढायचे. दोन माणसांची जोडी, एक खणणारा आणि एक त्याचा साथीदार, आणि बरोबर बहुधा गाडी ढकलणारा पोऱ्या. जोडीदार त्यांनी स्वतः निवडलेला. आपल्या तुकड्याचा करार त्यांनीच व्यवस्थापनाशी केलेला, आणि मजुरी एकाच चिठ्ठीवर, ती आपसांत वाटून घ्यायची. छत तपासायचं, टेकू लावायचे, खणायचं, भरायचं, सगळं ती जोडीच करायची. वेग किती ठेवायचा ते तिचं तीच ठरवायची, कारण एकाला छत कच्चं लागलं तर शेजारच्याला पक्कं. म्हातारा झालेला गडी हळू काम करणारा जोडीदार बघायचा. खाणीत जोडीदार मेला किंवा जायबंदी झाला, तर त्याच्या घराची जबाबदारी दुसरा आपली मानायचा, असं ट्रिस्ट आणि बॅमफर्थनी लिहून ठेवलं आहे. याला त्यांनी नाव दिलं जबाबदार स्वायत्तता. ते सगळं गोड होतं असं समजू नका. चांगल्या जागेसाठी मारामाऱ्या होत, लाचही चाले. पण भांडण झालं तरी ते समोरासमोर व्हायचं.

मग कोळसा कापायचं यंत्र आलं, आणि वाहून नेणारा पट्टा आला. त्याबरोबर लाँगवॉल पद्धत आली. छोट्या छोट्या जागांऐवजी दीडशे ते दोनशे यार्डांची एक सलग भिंत. काम तीन पाळ्यांत वाटलेलं. पहिल्या पाळीत भोकं पाडणारे आणि तळाशी कापणारे. दुसऱ्या पाळीत पट्टा उचलून पुढे बसवणारे आणि बोगदे वाढवणारे. तिसऱ्या पाळीत भरणारे. सगळे मिळून चाळीस-पन्नास माणसं, सात प्रकारची कामं, आणि एक माणूस एकच काम करणार. मजुरी प्रत्येक कामाची वेगळी. पहिल्या पाळीतल्यानं कोळसा नीट कापला नाही तर भोगायचं तिसऱ्या पाळीनं. आणि पहिल्या पाळीचा माणूस तिसऱ्या पाळीच्या माणसाला कधी भेटतच नाही.

भरणाऱ्याची स्थिती बघा. वीस भरणारे, अंधारात, एकमेकांपासून अंतरावर, प्रत्येकाला भिंतीचा आठ-दहा यार्डांचा तुकडा. समोरचा कोळसा सैल मिळेल की दगडासारखा, ते आदल्या पाळीवर. पण पाळी संपायच्या आत तुकडा रिकामा झाला नाही तर दोष याचा. पट्टा पुढे सरकणार नाही, पुढचं सगळं चक्र अडणार. अशा वेळी माणूस काय करतो? ट्रिस्ट आणि बॅमफर्थनी चार गोष्टी टिपल्या. काही जण आपल्यापुरता छोटा कंपू करतात. काही जण फक्त स्वतःपुरतं बघतात, चांगली जागा मिळवायला डाव टाकतात. सगळे मिळून न दिसणाऱ्या दुसऱ्या पाळीला शिव्या घालतात. आणि चौथी गोष्ट म्हणजे एखाद्या दिवशी कामावर येतच नाहीत. गैरहजेरीला आळस न म्हणता स्वतःच स्वतःला दिलेली भरपाई म्हणणारा हा लेख १९५१ चा आहे, ह्यूमन रिलेशन्स या नियतकालिकातला. त्याच्या लेखकांपैकी एकाच्या हाताला अठरा वर्षांचे घट्टे होते, म्हणूनच ते लिहिता आलं असं मला वाटतं.

हेगमूरमध्ये काय वेगळं होतं? छत सावरण्याची नवी पद्धत आल्यामुळे तिथे पुन्हा आखूड भिंतींवर काम करता येऊ लागलं होतं, यंत्रं हाताशी असताना. आणि कामगारांनी, युनियनच्या स्थानिक मंडळींनी आणि मॅनेजरनं मिळून कामाची मांडणी बदलली होती. गट आपलं काम आपण वाटून घेत होते, एकमेकांच्या जागा घेत होते, मुकादमगिरी जवळपास नव्हती. गैरहजेरी कमी, अपघात कमी, कोळसा जास्त. ही कोणा तज्ज्ञाची योजना नव्हती. जुन्या जोडीची आठवण शाबूत असलेल्या माणसांनी ती नव्या यंत्रावर बसवली होती.

एक शंका तुमच्या मनात आली असेल. हेगमूरचा थर वेगळा, छत वेगळं, मग तुलना कशी करणार? ट्रिस्टलाही ती शंका होती. पन्नाशीच्या दशकात त्याला आणि त्याच्या सहकाऱ्यांना डरहॅम परगण्यात हवी तशी जागा सापडली. एकच थर, तीच यंत्रं, तीच लाँगवॉल, आणि मांडण्या मात्र दोन. एकीकडे नेहमीची पद्धत, माणसं कामागणिक वाटलेली. दुसरीकडे एक्केचाळीस जणांचा एकत्र गट. कोण कुठल्या पाळीला जाईल, कोण काय करील, ते गटच ठरवणार, आलटून पालटून. मजुरीची चिठ्ठी सगळ्यांची एक. आधीच्या पाळीनं जिथे काम सोडलं तिथून पुढची पाळी उचलणार, मग ते काम कुणाच्याही नावावर असो.

आकडे सांगतो, कारण ते बोलके आहेत. नेहमीच्या मांडणीत त्या भिंतीतून जितका कोळसा निघू शकला असता त्याच्या ७८ टक्के निघत होता, एकत्र गटात ९५ टक्के. गैरहजेरी पहिल्या ठिकाणी २० टक्के, दुसऱ्या ठिकाणी ८.२. अपघातांमुळे बुडालेल्या पाळ्या पहिल्या ठिकाणी ६.८ टक्के, दुसऱ्या ठिकाणी ३.२. हा अभ्यास १९६३ मध्ये पुस्तकरूपानं आला. त्याच्या इंग्रजी नावाचा अर्थच संघटनेतली निवड असा आहे, आणि सुरुवातीच्या प्रश्नाला ट्रिस्टचं उत्तर तेच. यंत्र काही मर्यादा घालतं, पण त्या मर्यादांच्या आत एकाहून अधिक मांडण्या शक्य असतात. त्यातली एक कोणीतरी निवडलेली असते. यंत्रानं ती मागितली, असं आपण मागाहून म्हणतो.

आपल्या भाषेत हे फार सोपं सांगता येतं. स्वतंत्र या शब्दात तंत्र आहे. ज्याचं तंत्र त्याचं स्वतःचं, तो स्वतंत्र. दुसऱ्याच्या तंत्रानं चालतो तो परतंत्र. आज तंत्र म्हटलं की आपल्याला यंत्रच आठवतं. ट्रिस्ट विचारतो तो प्रश्न असा : यंत्र दुसऱ्याचं असताना तंत्र आपलं असू शकतं का? डरहॅमच्या गटानं हो म्हणून दाखवलं.

मग सगळ्या खाणींत तसं झालं? नाही. वरच्या मंडळींना यंत्रीकरण पुढे रेटायचं होतं, आणि या प्रयोगाकडे फार लक्ष वेधलं जाणं त्यांना नको होतं. हेगमूरचा अभ्यास पुढे चालवायलाही परवानगी मिळाली नाही. इथे मला पहिला खडा लागला. मांडणी चांगली आहे हे सिद्ध झालं म्हणून ती पसरत नाही. ती कोणाला नकोशी आहे, हे विचारावं लागतं.

आता आपण आपल्या बाजूला येऊ. याच टॅव्हिस्टॉकमधला ट्रिस्टचा सहकारी ए. के. राइस १९५३ मध्ये अहमदाबादला आला. बोलावलं होतं कॅलिको मिलनं. कॅलिको म्हणजे साराभाईंची गिरणी. अंबालाल साराभाई मालकांच्या बाजूला आणि त्यांची बहीण अनसूया कामगारांच्या, गांधीजी मध्ये, हा १९१८ च्या संपाचा इतिहास तुम्हांला ठाऊक आहेच. त्यातूनच १९२० मध्ये मजूर महाजन उभं राहिलं. राइस आला तेव्हा गिरणीचा कारभार अंबालालांचे चिरंजीव गौतम साराभाई पाहत होते, विक्रम साराभाईंचे बंधू. घरात मानसशास्त्राबद्दल आस्था होती, आणि पैसा होता.

गिरणीत नवे स्वयंचलित माग बसवले होते. मुंबईच्या गिरणीतले लोक मागाला साचा म्हणत, पण आज मी मागच म्हणतो. माग स्वयंचलित, तरी कापड मनासारखं निघेना. एका खात्यात २२४ माग आणि २९ माणसं होती. २९ माणसं बारा प्रकारच्या कामांत वाटलेली. विणकर आठ, बाबीन भरणारे पाच, तुटलेला ताणा सांधणारे तीन, मग जॉबर, त्यांचे मदतनीस, तेल घालणारा, झाडणारा, कापड नेणारे आणि बाकीचे. हिशोब स्टॉपवॉच लावून केलेला. विणकराकडे २४ ते ३२ माग, बाबीन भरणाऱ्याकडे ४० ते ५०, सांधणाऱ्याकडे ६० ते ८०.

कागदावर चोख. पण या आकड्यांच्या हद्दी एकमेकींवर बसत नाहीत. एका विणकराचे काही माग एका बाबीनवाल्याकडे, काही दुसऱ्याकडे. तुटलेला ताणा सांधायला हाक मारावी तर तो माणूस तिसऱ्याच विणकराकडे गुंतलेला. आपलं कोण आणि आपण कोणाचे, हे २९ जणांत कोणालाच सांगता येईना. राइसनं हेच पाहिलं. त्यानं कल्पना मांडली ती साधी होती : मागांचा एक गट, त्याला माणसांचा एक गट. ६४ मागांना सात जण.

पुढे झालं ते राइसलाही अनपेक्षित होतं. ही कल्पना चर्चेत आली आणि कामगारांनी, खात्यातल्या देखरेख करणाऱ्यांनी ती लगेच उचलली. कोण कोणाबरोबर, ते त्यांनी आपापसांत जुळवलंसुद्धा. सुरुवातीला वेग वाढला, पण मागांची निगा राखणं मागे पडलं, कापडात दोष वाढले. मग गटांनीच त्यात दुरुस्ती केली. बस्तान बसल्यावर मागांची कार्यक्षमता ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांवर गेली, आणि खराब निघणारं कापड ३२ टक्क्यांवरून २० च्या आसपास आलं. १९५८ मध्ये राइसनं यावर पुस्तक लिहिलं आणि अहमदाबादचा प्रयोग हे नाव जगभरच्या व्यवस्थापनाच्या वर्गांत गेलं.

आपल्याकडे यावर टीकाही झाली. १९६९ मध्ये इंडियन जर्नल ऑफ इंडस्ट्रियल रिलेशन्समध्ये एस. के. रॉय यांनी राइसच्या पद्धतीची उलटतपासणी केली. गट केले तेव्हा मजुरीही वाढली होती. मग सुधारणा गटामुळे की पैशामुळे? शंका रास्त आहे. मला वाटतं दोन्हींमुळे, आणि ती दोन वेगळी करू नयेत. आपलं काम आपण सांभाळा असं सांगायचं आणि वाढलेल्या कापडाचा वाटा द्यायचा नाही, याला स्वायत्तता म्हणणं ही थट्टा झाली.

पण माझी खरी अडचण दुसरी आहे. मगाशी मी सहज म्हणून गेलो की कामगारांनी आपापसांत गट जुळवले. ऐकायला किती छान. माझे एक मामा गिरणगावात विणकाम खात्यात होते. ते सांगायचे की शेजारचा चहाला गेला की त्याचे साचे आम्ही बघायचो, तुटलेलं सूत सांधून ठेवायचो, मुकादमाला पत्ता लागत नसे. म्हणजे राइसनं कागदावर आणलं ते खात्यात चोरून चालतच होतं. मी एकदा विचारलं, शेजारी कोण असायचे? मामांनी नावं सांगितली. सगळी आमच्याच तालुक्यातली. आणि सगळी आमच्याच जातीतली.

हा योगायोग नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना येऊच देत नसत. धोट्यातून सूत ओढून घ्यायला तोंड लावावं लागे, म्हणून विटाळाचं कारण पुढे केलं जाई. आणि विणकाम खात्यात तर पगार जास्त. १९२८ चा सहा महिन्यांचा मोठा संप झाला, तो एका माणसावर जास्त साचे लादण्याच्या योजनांविरुद्ध होता, म्हणजे आजच्याच विषयावर. तेव्हा डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना विचारलं होतं की विणकाम खातं आमच्या माणसांना खुलं करा, ही मागणी तुमच्या यादीत का नाही? अहमदाबादच्या गिरण्यांतही दलित कामगार मुख्यतः सूतखात्यातच होते. विणकाम खातं इतरांचं.

कॅलिकोच्या त्या सात-सात जणांच्या गटांबद्दल मी काही आरोप करत नाही. मी फक्त एवढं म्हणतो की स्वतः निवडलेल्या गटाला वेस असते. वेशीच्या आत एकमेकांना सांभाळणं असतं. वेशीबाहेर कोण राहिला, हे आतल्यांना दिसत नाही. यॉर्कशरच्या खाणीतला जोडीदारही बहुधा भाऊ, मेहुणा, शेजारी असेच असायचे. तिथे वर्ग आणि वस्ती एक होती म्हणून ते खुपलं नाही. आपल्याकडे खुपतं.

वेशीला आणखी एक बाजू आहे, आणि ती राइसच्या एका सहकाऱ्यानं दाखवली. एरिक मिलर, मूळचा मानववंशशास्त्रज्ञ, तरुणपणी मलबारमध्ये जातींचा अभ्यास केलेला. त्यानं १९७० मध्ये कॅलिकोत जाऊन प्रयोगाचं पुढे काय झालं ते पाहिलं आणि १९७५ मध्ये प्रसिद्ध केलं. संशोधक सहसा यशस्वी प्रयोगाकडे परत जात नाहीत, आणि गेलेच तर प्रस्तावना लिहायला जातात. मिलरला दिसलं ते असं : एका ठिकाणी सोळा वर्षांनंतरही गट तसेच होते, कामही तसंच होतं. बाकीच्या ठिकाणी कमी-अधिक प्रमाणात जुनी पद्धत परत आली होती.

का? गटांना आपलं काम आपण सांभाळता येतं ते बाहेरच्या काही गोष्टी स्थिर असतील तर. सूत ठरलेल्या प्रतीचं यायला हवं. कापडाचे प्रकार रोज बदलायला नकोत. एका गटातला माणूस उचलून दुसरीकडे पाठवायला नको. सुरुवातीला हे सगळं सांभाळणारे वरिष्ठ होते, त्यांचं प्रयोगावर प्रेम होतं. पुढे माणसं बदलली, बाजार बदलला, मागणी वेगळी आली. कोणी आदेश काढून गट मोडले नाहीत. आज एक माणूस हलवला, उद्या दोन, आणि गट नावाला उरला. वेस राखणारा गेला की वेस ढासळते. मिलरचा निष्कर्ष मी माझ्या शब्दांत सांगतोय, पण त्याचा सारांश हाच आहे.

इथे कांटकडे एक मिनिट जाऊ. कांटच्या लेखी स्वायत्तता म्हणजे स्वतः स्वतःला घातलेला नियम. तो कोणी बहाल करत नाही, म्हणून कोणी काढूनही घेऊ शकत नाही. खाणीतल्या जुन्या जोडीची स्वायत्तता या व्याख्येच्या जरा जवळ जाते. तिच्या हातात करार होता, आणि तिला टाळून कोळसा निघत नव्हता. कॅलिकोतल्या गटांची स्वायत्तता एका चांगल्या मालकाच्या चांगुलपणातून आली होती. ती खरी होती, तिनं कापड सुधारलं, माणसांचं जगणंही काही वर्षं सुधारलं असेल. पण तिची किल्ली दुसऱ्याच्या खिशात होती. पुढे ती गिरणीच बंद पडली.

आता शेवटचं प्रकरण. तोवर ट्रिस्ट अमेरिकेत गेला होता. पेनसिल्वेनियात रश्टन नावाची कोळसा खाण होती. १९७३ मध्ये तिथला मालक आणि खाण कामगारांची युनियन यांनी मिळून ट्रिस्टला बोलावलं. या वेळी युनियन पहिल्यापासून बरोबर होती. म्हणजे किल्लीच्या प्रश्नावर थोडं उत्तर शोधलेलं होतं. एका विभागात सत्तावीस जण स्वखुशीनं पुढे आले. तीन पाळ्या, पाळीला नऊ. सगळ्यांनी सगळी कामं शिकायची, सगळ्यांना सर्वांत वरच्या दर्जाची मजुरी. फोरमननं उत्पादनाचा हुकूम सोडायचा, त्यानं फक्त सुरक्षितता बघायची. सुरक्षितता खरोखरच सुधारली. कोळसा वाढला की नाही, यावर मूल्यमापन करणाऱ्यांचं मत सावध आहे. वाढला असेल तर थोडाच.

मग दुसरा विभाग सुरू केला. त्यात जुनी, अनुभवी माणसं फारशी आली नाहीत. जागा भरल्या त्या बऱ्याचशा नव्या पोरांनी. आणि त्या पोरांना लगेच वरच्या दर्जाची मजुरी मिळू लागली. बाकीच्या खाणीत वीस-वीस वर्षं घासलेली माणसं त्याहून कमी मजुरीवर. त्यांनी काय म्हटलं असेल, तुम्ही कल्पना करू शकता. ही लाडावलेली पोरं, आमच्या जिवावर.

ऑगस्ट १९७५ मध्ये प्रश्न सगळ्या कामगारांपुढे आला : ही पद्धत सगळ्या खाणीला लावायची का? मतदान झालं. बाजूनं ७५, विरुद्ध ७९.

हे मतदान मी अनेकदा मनात घोळवलं आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या ७९ जणांचा रागच आला होता. वर्षानुवर्षं फोरमनची बोलणी खाल्ली, आता मोकळं व्हायची संधी आली तर नको म्हणताय? आता तसं वाटत नाही. त्यांनी स्वायत्ततेला नकार दिला असं मी म्हणणार नाही. वेशीबाहेर ठेवून मग आत बोलावलं, त्याला त्यांनी नकार दिला. आणि एक लक्षात घ्या. यॉर्कशरपासून इथवरच्या सगळ्या प्रयोगांत, मांडणी हवी की नको हे सर्व कामगारांना मतानं विचारलं गेल्याचं मला ठाऊक असलेलं उदाहरण हे एकच. कांटच्या माणसानं त्या दिवशीच्या मतपेटीकडे आदरानंच पाहिलं पाहिजे, निकाल आवडो न आवडो.

ट्रिस्टनं काय केलं? त्यानं आणि त्याच्या दोन सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये ह्यूमन रिलेशन्समध्ये रश्टनबद्दल लिहिलं. सव्वीस वर्षांपूर्वी बॅमफर्थबरोबरचा लेख आला ते हेच नियतकालिक. मतदानातली हार त्यात लपवलेली नाही. नव्या विभागातल्या मजुरीचा पेच, जुन्या माणसांचा रोष, सगळं सांगितलं आहे. तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी तो कॅनडात टोरंटोला नव्या विद्यापीठात रुजू झाला आणि पुन्हा कामाला लागला.

मधला नॉर्वेचा भाग मी आज सोडला आहे, फ्रेड एमरी आणि आयनार थॉर्सरुड यांचा. तिथे मालकांची आणि कामगारांची, दोन्ही राष्ट्रीय संघटना एकत्र बसल्या होत्या, म्हणून त्याला वेगळा तास हवा. तो पुढच्या वेळी घेऊ. आज मागे बसलेल्या दोघांनी वही भरून लिहून घेतलं आहे, त्यांचे प्रश्न आधी ऐकतो.